घर पाहायला आलेला माणूस

बाबा टीव्हीवर परदेशातल्या खेड्यांमधली घरं पाहतात, आणि त्या कार्यक्रमाची मला भीती वाटते. भुतांच्या, खुनांच्या मालिका लोक जेवता जेवता पाहतात, त्यांना काही होत नाही. आमच्याकडे मात्र हिरव्या टेकडीवरचं एखादं दगडी घर पडद्यावर आलं की मला तिथं बसवत नाही. असं काहून, ते सांगते.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कोणी न विचारता सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. बाबा नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांत हमाल होते. पाठ गेली तसे तिथंच चौकीदार झाले. गोदामामागे भाड्याची एक खोली होती. बाहेर ट्रक मागं घ्यायला लागला की मांडणीवरची भांडी वाजायची. त्या खोलीत बसून मी बी.कॉम. केलं, मग एम.कॉम. केलं, एका कॉलेजच्या ऑफिसात लागले आणि सक्करदऱ्याला फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही; तो विषय इथला नाही. आईबाबांना फ्लॅटवर घेऊन आले तेव्हा बाबांनी सत्तरी ओलांडली होती.

फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांची पंचाईत झाली. आयुष्यभर ट्रकांच्या आवाजात झोपलेला माणूस, त्यांना शांततेत झोप येईना. दुपारी तर वेळच जाईना. मी टीव्ही घेतला, रिमोट शिकवला. बातम्या शोधता शोधता एक दिवस त्यांना तो कार्यक्रम सापडला.

कार्यक्रम रोज तोच असतो. शहराला कंटाळलेलं एक गोरं जोडपं. एक बाई त्यांना गाडीत बसवून खेड्यात नेते आणि एकामागून एक घरं दाखवते. ते आत शिरतात, कपाटं उघडतात, पलंगावर बसून पाहतात, खिडकीशी उभे राहून हिंदीत 'क्या नज़ारा है' म्हणतात, कारण सगळं हिंदीत डब केलेलं असतं. मग शेवटी बागेत चहा पितात आणि पुष्कळदा कुठलंच घर न घेता निघून जातात.

बाबांना हे फार आवडलं. आई शेजारी शेंगा सोलत बसायची.

"पाह्य वं, मानसं दोन अन् संडास तीन."

"पाहुने येत असन."

"कुठले पाहुने? इतक्या दिवसांत एक पाहुना नाही दिसला मले यायच्या घरी. कुत्रंच येते." मग पडद्याकडे बोट करून, "अन् एवढं गवत, पन एक म्हैस नाही. गवत कापते अन् फेकून देते. यायच्या डोक्शात काही फरक आहे."

"मंग काहून पाहता?"

"तुले नाही समजत."

एकदा सुट्टीच्या दिवशी मी पण त्यांच्यासोबत बसले होते. पडद्यावरची बाई एका अनोळखी घराच्या झोपायच्या खोलीत जाऊन गादी दाबून पाहत होती. बाबा म्हणाले, "एक गोष्ट पाहिली का तू? यायले कोनीच इचारत नाही."

"काय विचारत नाही?"

"कोनाकडचे म्हनून. कोनत्या गावचे, कोनाचे, कायले आले. सिद्धे आत जाते. मालक घरी राहतच नाही."

हे त्यांनी इतक्या कौतुकानं म्हटलं की मला नवल वाटलं. आपल्याकडे तर कोणत्याही गावात नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न तोच: कोणाकडचे पाहुणे? तुम्ही गाव सांगता, आडनाव सांगता, कोणाची आत्या कुठं दिली ते निघतं, आणि चहा सांगायच्या आत नातं लागलेलं असतं. मला तो लोकांचा भोचकपणा वाटायचा. आईला त्यात करमणूक वाटायची. बाबांना काय वाटायचं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. ॲडमिशनचे दिवस होते, खिडकीबाहेर रांग होती.

"मॅडम, मंग घराचं काय ठरवलं?"

"कोणतं घर?"

"आमचं. चिंचेवालं. काकाजी म्हने, लेक येईन पाहाले. मोठ्या ऑफिसात आहे म्हने."

घरी येऊन विचारलं, तर बाबांनी लपवलं नाही. तलावावर म्हाताऱ्यांमध्ये बसायला जातो असं सांगून ते सकाळी बस पकडायचे आणि मनाला येईल त्या गावाला उतरायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला माझी ऑफिसची जुनी बॅग. गावात बंद पडलेलं, अर्धं पडलेलं, विकायला काढलेलं घर दिसलं की चौकशी करायची आणि आत जाऊन पाहायचं. टीव्हीतल्यासारखं. चुलीजवळ उभं राहायचं, खिडकीतून बाहेर पाहायचं, भिंतीवर बोटं वाजवायची. त्यांनी एक मोजायचा टेपसुद्धा घेतला होता.

"घ्यायचं आहे का तुम्हाला घर?"

"नाही वं."

"मग?"

"पाहाले काय होते? थे लोकं तरी कुठं घेते."

मी हसले. आईसुद्धा हसली. म्हणाली, "मले बी नेत जा मंग. मी खोट काढीन, तुमी हाव म्हना." बाबा म्हणाले, तुझे गुडघे बसमध्ये चढतील तेव्हा नेईन. तो हिवाळा आमचा असा गेला. संध्याकाळी ते पाहिलेल्या घराचं वर्णन करायचे, आई खोट काढायची, मी पोळ्या लाटायची.

उन्हाळा लागला आणि मोबाइलवर मेसेज यायला सुरुवात झाली. सावधान, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे. कोणी साधूच्या वेषात, कोणी चादरी विकणारे, कोणी म्हातारे. अनोळखी माणूस दिसला की पकडा. हा मेसेज दहा जणांना पाठवा. ऑफिसच्या ग्रुपवर आला, बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, नात्यातल्या बायकांच्या ग्रुपवर तर रोज यायचा. पळवलेलं मूल कोणाच्या ओळखीतलं नव्हतं, पण मेसेज सगळ्यांकडे होता. मग एक व्हिडिओ आला. विजेच्या खांबाला बांधलेला माणूस, भोवती लोक. कोणी म्हणे आपल्या भागातला आहे, कोणी म्हणे दुसऱ्या राज्यातला. मी तो जेवायच्या सुट्टीत आवाज बंद करून पाहिला. त्या माणसाचा शर्ट पांढरा होता. माझा डबा तसाच राहिला.

त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात जी शिरली, ती निघाली नाही.

"बाबा, आता खेड्यात जाऊ नका."

"काहून?"

"लोकं पोट्टे पळवणारा समजून मारून राहिले."

"मले? मी पोट्टं घेऊन पळन का या वयात? दूध आनाले गेलो तं जिन्यात बसत बसत येतो."

आई खुदकन हसली. मला हसू आलं नाही.

"कोणी विचारलं, कोणाकडचे, तर काय सांगता तुम्ही?"

"कोनाकडचा नाही म्हनतो. घर पाहाले आलो म्हनतो."

"आपलं गाव सांगा ना. गाव सांगितलं की लोकांचा विश्वास बसते."

त्यांनी रिमोट उचलला. "गावाचं काय काम आहे तिथं."

गावाचा विषय निघाला की ते असंच करायचे. काटोलकडचं गाव, एवढं मला माहीत होतं. आम्हाला त्यांनी तिथं कधी नेलं नाही. आपलं घर होतं, दोन खोल्या होत्या, पुढं ओसरी, दारात कडुनिंब. एका पावसाळ्यात ते बसलं, आता तिथं पाहायला काही नाही, असं सांगायचे. ते घर मला पाठ होतं. शाळेत 'माझे गाव' निबंधात मी ते ओसरीसकट लिहिलं होतं आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

मी त्यांच्याकडून शब्द घेतला आणि आईला पहाऱ्यावर बसवलं. रोज दुपारी ऑफिसातून घरी फोन करायची. आई म्हणायची, आहेत, बसले आहेत. पण मी आईच्या बोलण्याकडे लक्ष देत नव्हते, मागचा आवाज ऐकत होते. 'किचन थोड़ा छोटा है, लेकिन रोशनी अच्छी है' असं काही ऐकू आलं, की मी फोन ठेवायची आणि कामाला लागायची.

एका दुपारी मागं काहीच ऐकू आलं नाही.

"बाबा कुठं आहेत?"

"झोपले असन आत. थांब." मग बऱ्याच वेळानं, "चपला नाही दिसत वं."

मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग अनोळखी नंबरवरून मलाच फोन आला. मागं गलका होता. एक माणूस म्हणाला, "पांढरा सदरा, बॅगवाला बुढा. तुमचा कोन?"

"माझे वडील आहेत. काय झालं?"

"या लवकर. लोकं गरम आहे इथं." त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

गाव खापरखेड्याच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत होतं. मी कोणाला काही न सांगता गाडी काढली. सिग्नलवर थांबले तेव्हा पोलिसांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गाडी पाठवतो म्हणाले, पण पोचायला वेळ लागेल हेही सांगितलं. ऊन असं होतं की हँडलला हात लावता येत नव्हता. वीजघराच्या चिमण्या लांबून दिसायला लागल्या आणि कितीही गाडी पळवली तरी तेवढ्याच लांब राहिल्या. मी फार मोठे विचार करत नव्हते. एकच गोष्ट डोक्यात होती: मी पोचेन तेव्हा ते बसलेले असतील की आडवे असतील.

ते बसलेले होते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. चष्मा हातात होता, त्याची एक काच नव्हती. चेहऱ्यावर रक्त नव्हतं, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. भोवती माणसं दाटली होती, आणि बरेच हात वर होते. हातांत मोबाइल होते.

झालं ते असं. एका म्हातारीचं घर विकायचं आहे असं कोणी तरी सांगितलं म्हणून बाबा तिथं गेले. म्हातारीनं पाणी दिलं, बाहेरची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं. मग ती शेजारणीशी बोलायला दारात गेली. बाबांनी, टीव्हीत करतात तसं, आतल्या खोलीचं दार स्वतःच उघडलं. आत पाळण्यात लेकरू झोपलं होतं. पाळण्यावर खिडकी होती. बाबा खिडकी पाहायला पाळण्यावर वाकले. तेवढ्यात लेकराची आई वाळलेले कपडे घेऊन मागच्या दारानं आली. तिनं पाहिलं ते एवढंच, की एक अनोळखी माणूस तिच्या लेकरावर वाकला आहे. ती ओरडली. मी तिच्या जागी असते तर मी पण ओरडले असते.

ओट्यावर बाबांची बॅग उलटी केलेली होती. पाण्याची बाटली, चिवड्याची पुडी, मोजायचा टेप आणि खोकल्यासाठी ते चघळत त्या पेपरमिंटच्या गोळ्या.

"गोळ्या कायले ठेवल्या, सांग ना," एक जण त्यांना म्हणत होता. "पोट्ट्यायले द्याले का?"

"टेप पाह्य ना बे. पोतं शिवाले माप घेत असन," दुसरा म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. ते हसणं मला मारण्यापेक्षा भयंकर वाटलं, कारण ते अगदी साधं होतं, पानठेल्यावरचं.

बाबा शर्टाच्या टोकानं चष्म्याची उरलेली काच पुसत होते.

मी पुढं गेले. मला बोलता येतं. ऑफिसात चिडलेले पालक मी रोज हाताळते. मी ओळखपत्र काढलं, बाबांचं आधार मोबाइलवर दाखवलं, कॉलेजचं नाव सांगितलं, शुद्ध मराठीत सांगितलं की हे ज्येष्ठ नागरिक आहेत, माझे वडील आहेत, आपला गैरसमज झाला आहे.

"कार्ड तं कोनी बी छापते, मॅडम."

"अन् बाया बी राहते म्हने त्या टोळीत," मागून कोणी तरी म्हणालं. "चांगल्या शिकल्या-सवरल्या."

ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी बाबांना सोडवायला आले नव्हते, मी त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिले होते, बस. वाट मागं बंद झाली होती.

मला फोन केला होता तो माणूस गावचा पोलीस पाटील होता. खांद्यावर पंचा, साठीचा. तो बाबांची खुर्ची आणि लोक यांच्यामध्ये उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, कागदानं नाही भागत. हे कोनाकडचे, थे सांगा. मी बुढ्याले इचारून इचारून थकलो, तोंडच उघडत नाही. त्याच्यानं लोकं अजून भडकून राहिले."

मी आमच्या काटोलकडच्या गावाचं नाव सांगितलं. बाबांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"त्या गावात माही मावसबहीण देल्ली आहे," गर्दीतला एक जण म्हणाला. लगेच फोन लावला गेला. बहिणीनं सासऱ्याला दिला. पोलीस पाटलानं स्पीकर चालू केला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा वर धरला. आडनाव सांगितलं.

"त्या आडनावाचं अर्धं गाव आहे आमचं," पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "कोनाचा?"

बाबांचं नाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं.

"नाही बा. असा कोनी नाही आमच्या गावात. नव्हताच."

"दोन खोल्यांचं घर होतं," मी फोनकडे तोंड करून ओरडले. "ओसरी होती. दारात कडुनिंब होता. पावसात पडलं ते."

"असं घर बी नाही कोनाचं पडलं. खोटं सांगून राहिली बाई."

गर्दी हलली. कोणी मारलं नाही, फक्त सगळे एक पाऊल पुढं आले, आणि कोणी तरी बाबांच्या खुर्चीला मागून लाथ घातली. खुर्ची सरकली. बाबांनी खुर्चीचा हात धरला. मी त्यांच्यापुढं वाकले. शाळेत, कॉलेजात, नोकरीत मी कोणापुढं रडले नाही, तिथं रडले.

"बाबा, सांगा ना. काही तरी सांगा. आपलं घर नेमकं कुठं होतं? शेजारी कोण होतं? ते मारतील हो तुम्हाला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. लोकांकडे नाही, माझ्याकडे. मग मान खाली घालून म्हणाले, "त्याले सांगा, गोठ्यातल्याचा."

"काय?" पोलीस पाटील म्हणाला.

"मालगुजाराच्या गोठ्यातल्याचा. त्याचा लहाना पोरगा म्हना."

पोलीस पाटलानं ते फोनमध्ये सांगितलं. मग म्हातारा हसला, मोकळा, आनंदानं हसला. "अरे, गोठ्यातल्याचा का तो? हाव हाव. जित्ता आहे का अजून? त्याचा बाप मालगुजाराकडं सालदार होता ना. वर्षाच्या करारानं राबे अन् बायको-लेकरं घेऊन गोठ्यातच राहे, बैलायच्या बाजूनं. हे सारे तिथंच झाले, त्याच गव्हानीपाशी. घर कायचं आलं त्यायले? हा लहाना पळून गेला होता लहानपनीच. सोडा गा त्याले, गरीब मानूस आहे."

हे सगळं स्पीकरवर, सगळ्या गावाला ऐकू आलं.

कोणी तरी हसलं. मग दुसरं कोणी. आणि जे काही मघापासून ताणलेलं होतं ते सुटलं. मोबाइल खाली आले. लेकराची आई लेकराला घेऊन निघून गेली. ज्यानं गोळ्यांवरून विचारलं होतं त्यानंच गोळ्या वेचून बॅगमध्ये भरल्या. कुणी चहा आणला. "घ्या काकाजी. काय आहे, दिवस खराब आहेत. आधीच सांगतलं असतं तं कायले झालं असतं." मागं कोणी तरी कोणाला समजावत होतं, "अरे, गोठ्यातले आहे ते, काटोलकडचे." बाबांना आता त्या गावात एक ठिकाण मिळालं होतं.

बाबांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत. पोलिसांची गाडी आली, त्यांनी सगळ्यांना झापलं, नावं घेतली, आम्हाला खापरखेड्यापर्यंत सोबत केली. गाडीवर मागं बसताना बाबा नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवतात. त्या दिवशी त्यांनी मागचा लोखंडी दांडा धरला. घरी आईला सांगितलं, बसमधून उतरताना पडलो.

रात्री मी आईला स्वयंपाकघरात खरं काय ते सांगितलं. गोठ्याचं ऐकून तिनं आश्चर्य दाखवलं नाही.

"मले माहीत होतं. लग्नाआधीच सांगतलं होतं त्यायनं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तू थो निबंध लिवून आनला होता. बाईनं शाबासकी देल्ली म्हने. मंग कसं सांगाव?"

मला गोठ्याची लाज वाटली नाही, हे स्पष्ट लिहिते. गोठ्यात जन्मलेल्या हमालाची मुलगी एम.कॉम. आहे, हे वाक्य मला ओसरीच्या घरापेक्षा जास्त आवडतं. पण ते वाक्य माझं आहे. त्यांनी 'गोठ्यातल्याचा' हे नाव एका गावात टाकून दिलं होतं आणि दुसऱ्या गावात, पाळणा पाहिला म्हणून, त्यांना ते सगळ्यांसमोर परत उचलावं लागलं. हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. लिही म्हणाले, नाव लिहू नको.

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. मग ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत पांढऱ्या शर्टातला म्हातारा, ओट्यावर टेप, गोळ्या. खाली लिहिलेलं: मुलं पळवणारी टोळी पकडली, चेहरा लक्षात ठेवा, शेअर करा. मी पोचायच्या आधीच तो संपत होता. फोनवरचा म्हातारा त्यात नव्हता, चहा नव्हता.

माझ्या बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, "किती साधा दिसतो ना गं. वाटणार पण नाही."

मी ग्रुपवर लिहिलं, 'हे माझे वडील आहेत. घर पाहायला गेले होते.' ज्यानं पाठवला होता त्यानं लगेच काढला, टेबलापाशी येऊन माफी मागितली, डोळ्यात पाणी आणलं. पण तोवर त्यानं तो कुठं कुठं पाठवला होता हे त्यालाही सांगता येईना. मी रीतसर तक्रार दिली. बिल्डिंगच्या ग्रुपवर आला तेव्हा तेच वाक्य लिहिलं. नात्यातल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं. भाजीवाल्याच्या मोबाइलवर दिसला तेव्हा तोंडानं सांगितलं. ज्या ग्रुपांमध्ये मी नाही, तिथं कोण सांगणार?

बाबांना हे मी सांगितलं नव्हतं. दूधवाल्याकडचा पोऱ्या त्यांच्याकडे पाहून मग मोबाइलकडे पाहायला लागला, तेव्हा त्यांचं त्यांना कळलं.

टीव्हीवरची घरं ते अजून पाहतात, त्याच वेळेला, मोठा आवाज करून. फक्त त्या लोकांनी आतल्या खोलीचं दार उघडायला हात लावला की बाबा चॅनेल बदलतात. थोडा वेळ बातम्या ठेवतात. मग परत लावतात, तोवर ते लोक बागेत आलेले असतात.

खेड्यात ते आता जात नाहीत. दूध आणायला जातात तेवढंच, आणि जाताना दुपट्टा डोक्यावरून घेऊन डोळ्यांखाली घट्ट बांधतात. उन्हाळ्यात नागपुरात सगळेच असं तोंड बांधून फिरतात, तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. आता आभाळ भरून आहे, हवा गार आहे, रस्त्यात दुसऱ्या कोणाचंच तोंड बांधलेलं नसतं. परवा मी म्हटलं, "बाबा, दुपट्टा काढा ना. ऊन कुठं आहे आता?"

"राहू दे," ते म्हणाले. "बरं वाटते."

आणि कठडा धरत जिना उतरायला लागले. तोंड बांधलेल्या म्हाताऱ्याकडे लोक जास्तच पाहतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि त्यांना दिसणार नाही इतकं अंतर ठेवून मागं निघाले. आता रोज निघते. रस्त्यात कोणी त्यांच्याकडे वळून पाहिलं, की मी त्या माणसाचा चेहरा पाहत नाही. आधी त्याचे हात पाहते, मोबाइल वर उचलला आहे का ते.